मँडरिनची चित्रपुस्तके : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही घरी मँडरिनला, म्हणजे प्रमाण चिनी भाषेला, सुरुवात केली. मी स्वतः ही भाषा मोठेपणी शिकले, त्यामुळे वाचता येते, पण सहज बोलता येत नाही. नऊ महिन्यांपूर्वी एकदम चोवीस चित्रपुस्तके घेतली. त्यांतली निम्मी मुळात चिनीतच लिहिलेली होती आणि उरलेली इंग्रजीवरून अनुवादित. आज अनुवादित पुस्तके जवळजवळ कोरी आहेत, तर मूळ चिनी पुस्तकांपैकी तिघांची शिवण उसवली आहे.

अनुवादित पुस्तकांत चूक काही नाही, पण त्यांतले शब्द चित्रांना वरून चिकटवल्यासारखे वाटतात. याउलट, वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आदल्या रात्री सारे कुटुंब जेवायला जमते, त्या एका चित्रावर आम्ही तीन आठवडे काढले. वडिलांची आई नायनाय, आईची आई वायफो, मामा च्यौच्यौ, आत्या कूकू. काका आणि मामा वेगळे असतात हे मराठी मुलांना सांगावे लागत नाही. नवे होते ते इतकेच, की वडिलांचा मोठा भाऊ पोपो आणि धाकटा शूशू, आणि दोन आज्यांना दोन नावे. मुलीने चित्रातल्या प्रत्येक माणसावर बोट ठेवून आमचे सगळे गणगोत त्या टेबलाभोवती बसवले.

उच्चारांच्या बाबतीत मात्र मी सुरुवातीलाच फसले. १९५८ साली चीनमध्ये स्वीकारलेली फिनयीन ही रोमन लिपी अक्षरांच्या डोक्यावर छापलेली असते आणि मी ती इंग्रजीसारखी वाचत होते. धाकट्या भावाचा शब्द मी 'दीदी' असा वाचला, तेव्हा मुलगी हसत म्हणाली, "दीदी तर मोठी बहीण!" खरे तर तो उच्चार 'तीती'च्या जवळचा आहे, कारण मँडरिनमध्ये ब, द, ग असे घोष स्पर्शध्वनी नाहीतच, भेद आहे तो प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांचा, जो आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक असतो. तेव्हापासून मी पानांच्या कडेला पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिते आणि त्यावर सुरांच्या खुणा करते. सूर चार, शिवाय एक हलका. 'माय' हा शब्द खाली जाऊन वर आला तर विकत घेणे, नुसता खाली पडला तर विकणे. त्यामुळे माझ्या वाचनात दुकानातले गिऱ्हाईक बराच काळ माल विकायला येत होते.

पुस्तकांसोबत आलेल्या, पानावर टेकवताच वाक्य म्हणणाऱ्या बोलक्या पेनाने निराशा केली. पान किंचित वाकले तरी तो भलतेच वाक्य म्हणतो, आणि त्याचा वेग तीन वर्षांच्या मुलासाठी फार आहे.

मागवताना लिपी पाहून घ्यायला हवी होती, हेही नमूद करते. दोन पुस्तके तैवानची निघाली. त्यांत पारंपरिक अक्षरे आहेत आणि फिनयीनऐवजी बाजूला चुयिनची चिन्हे. ती मला येत नसल्याने वाचन अडते, पण मुलीला तिथला 'घोडा' जास्त आवडतो. पारंपरिक अक्षरात खाली चार ठिपके आहेत, सोप्या केलेल्या अक्षरात त्यांच्या जागी एकच रेघ. "याचे पाय कुठे गेले?" हा प्रश्न तिने कितीदा तरी विचारला.

शरदोत्सवाच्या पुस्तकात चंद्रावर ससा दिसल्यावर तो का आहे, हे विचारले गेले नाही. शशी या शब्दातच ससा बसलेला असल्याचे मीच तिला सांगितले.

नऊ महिन्यांनंतर मुलगी ऐकलेली लहान वाक्ये प्रसंग पाहून वापरते. मुलगा अजून फक्त शब्द म्हणतो, त्यांत 'मानमान', म्हणजे हळूहळू, हा त्याचा लाडका, आणि तो जिना उतरताना म्हटला जातो. मूळ चिनी पुस्तकांबद्दल माझी तक्रार एकच आहे. त्यांत कंदील, ड्रॅगन आणि लाल पाकिटे फार, आणि बुटाची नाडी न सुटणाऱ्या साध्या दिवसाची पुस्तके फार थोडी. पुढच्या खेपेला मी सणांची पुस्तके बाजूला ठेवून तीच शोधणार आहे.