१९०९ : मोबाइलवरच्या यांत्रिक जाहिरातींना आवर घालणारी सेवा, विदर्भातल्या एका खेड्यातून पाहिलेली

मोबाइलवर येणारे जाहिरातींचे कॉल आणि मेसेज रोखण्यासाठी असलेल्या १९०९ या सेवेविषयी, म्हणजेच लोक जिला ‘डीएनडी’ (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे त्रास देऊ नका) म्हणतात त्या सोयीविषयी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस पिकवणाऱ्या गावातून हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. ही सेवा विनामूल्य आहे, साध्या बटणांच्या फोनवरही चालते आणि उपयोगाची आहे. मात्र नुसत्या नोंदणीने तिचा अर्धाच लाभ मिळतो, उरलेला अर्धा तक्रार केल्याशिवाय पदरात पडत नाही.

अनोळखी नंबर उचलायचाच नाही, असे शहरातला नोकरदार ठरवू शकतो. शेतकऱ्याला ते परवडत नाही. वेचणीच्या दिवसांत जिनिंगमधून, गाडीवाल्याकडून, मजुरांच्या मुकादमाकडून किंवा बँकेतून येणारा कॉल बहुधा अनोळखी नंबरवरूनच येतो आणि तो चुकला तर भरलेली गाडी दारात उभी राहते. त्यामुळे वावरातले काम थांबवून प्रत्येक कॉल घ्यावा लागतो आणि पलीकडून कर्जाची किंवा प्लॉटची रेकॉर्ड केलेली जाहिरात ऐकावी लागते. बोलणारा माणूस तेथे नसतोच. यंत्र एकामागून एक नंबर लावत जाते आणि हजारांतला एखादा जरी गळाला लागला तरी ते चालवणाऱ्याचे भागते. अशा यंत्रापुढे एकेक नंबर ब्लॉक करणे व्यर्थ आहे, कारण उद्याचा कॉल वेगळ्या नंबरवरून येतो.

नोंदणीची रीत सोपी आहे. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहून, एक जागा सोडून शून्य टाकावे आणि तो १९०९ वर पाठवावा. सर्व प्रकारच्या जाहिराती बंद करण्याची नोंद होते. १९०९ ला कॉल करूनही हे काम होते, त्यामुळे ज्यांना टाइप करता येत नाही त्यांचीही अडचण होत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१८ साली केलेल्या नियमांनुसार सगळेच बंद करण्याची सक्ती नाही. बँक व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू व वाहने, मनोरंजन व दूरसंचार, पर्यटन, खाद्यपदार्थ असे गट पाडलेले असून त्यांतले हवे तेवढेच रोखता येतात. दिवस, वेळ आणि संपर्काचा प्रकार निवडण्याचीही मुभा आहे. रेकॉर्ड केलेले यांत्रिक कॉल हा त्यात स्वतंत्र प्रकार धरलेला आहे, ही मला या नियमांतली सर्वांत समंजस गोष्ट वाटते.

गावात या सेवेविषयी बोलले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. आमच्या शेजारच्या काकाजींनीही तोच विचारला होता: “हे बंद केलं तर चुकाऱ्याचा मेसेज येईल का?” ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळेच अनेक जण नोंदणी टाळतात. तिचे उत्तर स्पष्ट आहे. खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज, ओटीपी, पीक विम्याची किंवा शासनाची सूचना हे सारे जाहिरातीत मोडत नाही आणि शून्याची नोंदणी केली तरी ते येतच राहते. २०२५ पासून कंपन्यांच्या व सरकारी मेसेजवर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर दिसते, ते ओळखायला घरातल्या मोठ्यांना शिकवावे: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकार. कॉलच्या बाबतीत १४० ने सुरू होणारे नंबर जाहिरातींसाठी ठरवलेले आहेत आणि बँका व सरकारी कार्यालयांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ही मालिका आहे.

खरी कसोटी पुढे लागते. नोंदणी पाळतो तो नियमाने चालणारा जाहिरातदार. साध्या दहा अंकी नंबरवरून यंत्र चालवणारा ती पाळत नाही. त्याच्यासाठी तक्रार हाच मार्ग आहे आणि ट्रायने या नियमांत १२ फेब्रुवारी २०२५ रोजी केलेल्या दुरुस्तीने तो बराच सुधारला आहे. पूर्वी तक्रारीला तीनच दिवस मिळत, आता सात मिळतात. मोबाइल कंपनीने कारवाई करण्याची मुदत तीस दिवसांवरून पाच दिवसांवर आणली आहे. आणि जाहिरातीसाठी नोंद न केलेल्या अशा नंबरविरुद्ध तक्रार करायला आपली डीएनडी नोंदणी असण्याचीही गरज उरलेली नाही. मेसेजचा मजकूर किंवा कॉलचा विषय, ज्या नंबरवरून तो आला तो नंबर आणि तारीख, एवढे लिहून १९०९ वर पाठवले की तक्रार नोंदली जाते. स्मार्टफोन असेल तर ट्रायचे डीएनडी ॲप हेच काम कॉलच्या यादीतून करून देते. त्यासाठी ते कॉल आणि मेसेज पाहण्याची परवानगी मागते, हे ठाऊक असलेले बरे.

या दुरुस्तीतली एक तरतूद खेड्यासाठी विशेष मोलाची आहे. एखाद्या नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी आल्या की कारवाईची सुरुवात होते. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. पहिल्या वेळी त्या नंबरची बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद होते आणि पुन्हा तेच घडले तर पाठवणाऱ्याच्या सगळ्या जोडण्या सर्व मोबाइल कंपन्यांकडे वर्षभर तोडल्या जातात. यंत्राने लावलेला कॉल एकट्याला येत नाही, तो गावातल्या अनेकांना येतो. पण प्रत्येक जण वैतागून फोन कापतो आणि विसरतो, म्हणून पाचाचा आकडा कधी भरतच नाही. पारावर किंवा सेवा सोसायटीत चार माणसे बसलेली असताना “तुम्हालाही हाच नंबर आला होता का?” एवढे विचारून प्रत्येकाने आपापल्या फोनवरून तक्रार टाकली, तर तो आकडा एका बैठकीत भरतो.

उणिवाही आहेत. व्हॉट्सॲपवर येणारा मजकूर या नियमांच्या कक्षेत येत नाही, आणि आज खेड्यातला मोठा उपद्रव तिथेच आहे. दुकानात किंवा प्रदर्शनात अर्ज भरताना आपण स्पष्ट संमती दिली असेल तर त्या कंपनीच्या जाहिराती नोंदणीनंतरही येऊ शकतात. संमती मागे घेता येते आणि घेतल्यावर नव्वद दिवस पुन्हा मागता येत नाही, पण हे फारच थोड्यांना माहीत असते. शिवाय तक्रारीचा नमुना इंग्रजी अक्षरांत आणि ठरावीक क्रमाने लिहावा लागणे हे म्हाताऱ्या माणसांना जड जाते, तेथे नातवाची किंवा सेतू केंद्रातल्या मुलाची मदत लागते.

सौर पंपाच्या किंवा अनुदानाच्या नावाने पैसे मागणारा कॉल मात्र १९०९ चा विषय नाही. तो फसवणुकीचा प्रयत्न असतो. त्याची माहिती दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत द्यावी आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला कळवावे. १९०९ व १९३० हे दोन नंबर आणि तक्रारीचा नमुना ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा, असे मी आमच्या सरपंचांना सुचवले आहे.