रक्त काढणाऱ्या मुलीला पाच तारे, काउंटरला शून्य

चवथीला आठ दिवस उरले असताना आमच्या ह्यांना डेंगी झाला. रोज प्लेटलेट बघायच्या म्हणून फोंड्यातल्या एका लॅबला फोन केला. पुढे तक्रार आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

रक्त न्यायला येणारी मुलगी मात्र गुणाची. सकाळी सातला, धो धो पावसात, रेनकोट पडवीत टांगून आत यायची. ह्यांची शीर कुणाला सापडत नाही, तिला रोज एकाच टोचणीत सापडली. रिपोर्ट बाराच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर.

तिसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेले, तर काउंटरवरच्याने रंगीत पत्रक पुढे केलं. रक्तगट तपासणी आणि गटाप्रमाणे आहारसल्ला, अठराशे रुपये. “साहेब ए गटाचे निघाले तर बरं व्हायला वेळ लागतो, मॅडम.” घरी माणूस तापाने फणफणलेला, भरले पैसे.

तपासणी मात्र हट्टाने समोर उभी राहून पाहिली. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब. एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात बिनरंगी अँटी-डी. काडीने ढवळून टाइल जराशी हलवली आणि पहिला थेंब दूध नासावं तसा फुटला. तिसराही. मधला तसाच गुळगुळीत. ए पॉझिटिव्ह!

आहारसल्ल्यात पहिलीच ओळ, मासळी सोडा. श्रावण चालू होता म्हणून तेवढं आपोआप पाळलं गेलं.

भाची बांबोळीला डॉक्टरी शिकते. तिने पत्रक वाचून कपाळाला हात लावला. म्हणाली, मावशी, सगळंच खोटं नाही गं. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस आतड्यातल्या रक्तगटाच्याच साखरेला चिकटतो, म्हणून काहींना त्याचे बरेच प्रकार बाधतच नाहीत. कोविडमध्येही 2020 साली इटली आणि स्पेनच्या रुग्णांवरच्या अभ्यासात ए गटाला गंभीर आजाराचा धोका थोडा जास्त आणि ओ गटाला कमी दिसला. पण वय आणि मधुमेह ह्यांच्यापुढे तो फरक किरकोळ. आमच्याच घरात बघा, 2021 मध्ये ओ गटाचे दीर ऑक्सिजनवर होते. त्यांना साखर आहे.

आणि डेंगीत विचारायचं ते वेगळंच: आधी कधी झालाय का? विषाणूचे चार प्रकार, दुसऱ्यांदा वेगळा झाला तर धोका जास्त. चार पानी गुळगुळीत पत्रकात ह्याचा एक शब्द नाही.

पैसे परत मागितले. “पॅकेज रिफंड होत नाही.” प्लेटलेटसाठी ह्याच लॅबला बोलवा, पत्रक पुढे आलं की हात मागे घ्या.

ह्यांच्या प्लेटलेट सहाव्या दिवशी चढल्या. दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि दुसऱ्या दिवशी ए पॉझिटिव्ह माणसाने बांगड्याचं हुमण दोनदा वाढून घेतलं.