'क्लब यू टू डेथ': खून जिममध्ये, आणि १६ पानं गायब

आधीच सांगते, पाच दिवसांत संपवलं पुस्तक, आणि त्यातले दोन दिवस तर पानंच नसल्यामुळे वाया गेले. झालं असं की फुटपाथवर स्वस्तात मिळतंय म्हणून उचललं, कॉपी अर्थातच डुप्लिकेट, आणि आता कुणीतरी काहीतरी कबूल करणार असं वाटायला लागलं तिथेच १६ पानं परत तीच छापलेली आणि त्याच्या पुढची १६ गायब. नवऱ्याने यावरचा सिनेमा पाहिला होता, 'मर्डर मुबारक', २०२४ ला नेटफ्लिक्सवर आलेला. जेवताना म्हणतो, "सांगू का कोणी मारलं?" मी ताटावरून उठले. शेवटी फोनवर ईबुक घेतलं, म्हणजे पैसे दोनदा गेले, आणि तरी इथे येऊन कौतुकच करतेय, यावरून काय ते समजा.

तर पुस्तक अनुजा चौहान यांचं, २०२१ चं. इंग्रजी आहे पण घाबरू नका, मधेमधे भरपूर हिंदी आहे आणि हिंदी सिनेमे बघून मोठे झालेल्यांना काही अडत नाही. या बाई आधी जाहिरात क्षेत्रात होत्या, पेप्सीचं 'ये दिल मांगे मोर' आठवतंय ना, ते त्यांचंच. ते संवादांत कळतं पण. नाव झाकलं तरी कोण बोलतंय ते ओळखू येतं. पहिली कादंबरी २००८ ची, क्रिकेट आणि लव्हस्टोरी. खुनाच्या भानगडीत बाई पहिल्यांदा पडल्या त्या इथे.

दिल्ली टर्फ क्लब नावाचा एक उच्चभ्रू क्लब, काल्पनिक आहे, पण दिल्लीत १९१३ पासूनचा जिमखाना क्लब आहेच की, मेंबरशिपसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात म्हणे. मी वाचत होते लोकलमध्ये, चर्नी रोड सोडलं की खिडकीतून ते मरीन ड्राइव्हचे जिमखाने दिसतात, हिंदू, इस्लाम, पारशी, ओळीने. रोज बघते, आत कधी गेलेली नाही, आणि यावेळी पहिल्यांदा वाटलं की आत काय काय शिजत असेल बाई. तर या टर्फ क्लबात अध्यक्षपदाची निवडणूक तापलेली, आणि तिथल्या जिमचा देखणा ट्रेनर लिओ मॅथ्यू बारबेलखाली मेलेला सापडतो. आधी वाटतं अपघात. पटतं पण ते, कारण आमच्या जिममधला दादाही रोज ओरडत असतो, बाजूला माणूस उभा केल्याशिवाय बेंचवर आडवं होऊन वजन उचलायचं नाही, हात सुटला तर दांडा सरळ गळ्यावर. मी त्या आठवड्यात फक्त ट्रेडमिल केलं, खोटं कशाला बोलू.

मग येतात एसीपी भवानी सिंग. इथे मी फिदा झाले. आरडाओरडा नाही, कॉलर धरणं नाही, मऊ आवाजात चौकशी, घरातल्या काकांसारखा माणूस. सिनेमात पंकज त्रिपाठी आहेत, त्यामुळे वाचताना डोक्यात तोच आवाज चालू राहतो आणि त्याने काही बिघडत नाही, उलट मजा येते.

आणि रोमान्स. काशी डोग्रा हा वकील, त्याला गर्लफ्रेंड आहे, सगळं नीट चाललंय, आणि क्लबात भेटते जुनी प्रेयसी बांबी टोडी, श्रीमंत, सुंदर, डोक्याला ताप. मी पूर्णपणे गर्लफ्रेंडच्या बाजूने होते आणि तरी ते दोघं एकत्र आले की पान उलटायची घाई व्हायची. खरी गंमत अशी की क्लबातला प्रत्येकजण संशयित, त्यामुळे साधं फ्लर्टिंग चालू असलं तरी आपण मागून बघत असतो की हा आत्ता असं का बोलला, ती तिकडे का बघतेय. नुसत्या लव्हस्टोरीत मी ही वाक्यं सरळ पुढे ढकलली असती. इथे दोनदा वाचली, आणि एकदा तर त्या नादात अंधेरी गेलं.

आता तक्रारी. माणसं फार! सुरुवातीला इतकी नावं येतात की मी एका बिलाच्या मागे यादी केली, कोण कुणाची बायको, कोण निवडणुकीत कुणाच्या बाजूला. मधला भाग ताणलाय, चौकशीच्या फेऱ्या चालूच राहतात आणि तेच तेच परत कळतं. आणि क्लबात राबणाऱ्या माणसांबद्दल जे येतं ते मला सगळ्यात जास्त आवडलं, ते अजून हवं होतं, मेमसाहेबांचे टोमणे थोडे कमी चालले असते. कोडं म्हणाल तर ठीकठाक, रहस्यकथा कोळून प्यायलेल्यांना कदाचित आधी वास लागेल, मला लागला नाही.

सिनेमा बघितला असेल तरी वाचा, गप्पा पुस्तकातच रंगतात. बघितला नसेल तर आधी पुस्तक, आणि घरात ज्यांनी बघितलाय त्यांना तोंड बंद ठेवायला सांगा.

भवानी सिंगचं पुढचं पुस्तकही आहे, 'द फास्ट अँड द डेड', २०२३ चं, यावेळी बंगळुरात. कालच घेतलं, चांगल्या दुकानातून, पूर्ण किमतीला, आणि काउंटरवर उभं राहून पान नंबर शेवटपर्यंत तपासले. दुकानदार बघत होता. बघू दे.