रद्दीचे पेपर पॉट: पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, कारणं मागून येतीलच. काकडी, दोडका, कारलं, दुधी, भोपळा या वेलभाज्यांची रोपं घरी करायची असतील तर वर्तमानपत्राच्या कागदाचे पॉट डोळे झाकून वापरा. टोमॅटो, वांगी, कोबीसाठी केलेत तरी चालतील, पण तिथे त्यांच्यावाचून काही अडत नाही. मेथी, पालक, मुळा, गाजर यांचं बी मात्र थेट वाफ्यातच टाका. पुण्यात आमच्या गच्चीवर मागच्या पावसाळ्यापासून हे पॉट सतत वापरात आहेत. चिपळूणला माझ्या वन्संच्या परसातही त्याच पॉटमधली रोपं लावली आहेत. गच्ची आणि परस, दोन्हीकडे त्यांचं वागणं इतकं वेगळं आहे की दोन्ही लिहिलं नाही तर हा अनुभव अर्धाच राहील.

वेलभाज्यांसाठीच एवढा आग्रह का, तर त्यांच्या मुळांमुळे. टोमॅटोचं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर दोन दिवस मान टाकतं आणि पुन्हा उभं राहतं, कारण त्याच्या खोडालाही नवी मुळं फुटतात. काकडीचं तसं नाही. तिचं मूळ दुखावलं की वाढ थांबते, पानं लहान येतात, आणि थेट पेरलेला शेजारचा वेल तिच्या पुढे निघून जातो. म्हणून जुनी माणसं वेलाचं बी आळ्यातच टोचायची. पण गच्चीवर आळ्यात टोचलेलं बी कबुतरं उकरतात, आणि परसात पहिल्या जोरदार पावसात ते वाहून जातं किंवा कुजतं. रोप हाताखाली वाढवायचं आणि मुळाला हात न लावता कागदासकट जमिनीत ठेवायचं, हे दोन्ही या पॉटमुळे साधतं. हा काही घरगुती जुगाड नाही, बरं का. जपानमध्ये होक्काइडो बेटावर शुगरबीटची रोपं 1960च्या दशकापासून कागदी पॉटमध्ये वाढवून शेतात लावली जातात. बीटमध्ये मूळ हेच पीक, त्यामुळे त्याला धक्का लागून चालत नाही.

आता कृती. नेहमीच्या मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचा एक कागद साधारण 33 सेंटिमीटर रुंद आणि 52 ते 54 सेंटिमीटर उंच असतो. तो मधोमध उभा फाडायचा. उभा फाडला की कागद सरळ रेषेत फाटतो आणि आडवा फाडला की वेडावाकडा जातो, कारण कागदाचे तंतू उभ्या दिशेने बसलेले असतात. कात्री लागत नाही. दोन लांब पट्ट्या मिळतात, त्यातली एक घेऊन स्टीलच्या सरळ पेल्याभोवती गुंडाळायची. तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळता होणारा पेला नको, त्याच्यावरून कागद सैल पडतो. साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या पेल्याभोवती पट्टीचे अडीच वेढे बसतात आणि तेवढे पुरतात. पेल्याच्या बुडाच्या बाहेर पाचेक सेंटिमीटर कागद सोडायचा आणि तो चारी बाजूंनी आत दुमडायचा. पहिली घडी जिथे कागदाचं टोक सुटलेलं आहे तिथून घालायची, म्हणजे ते टोक पुढच्या घड्यांखाली दाबलं जातं. मग पेला ओट्यावर दाबून थोडा फिरवायचा. बूड सपाट बसतं, पेला सर्रकन बाहेर येतो.

खळ, डिंक, चिकटपट्टी यातलं काहीही लावू नका. मैद्याच्या खळीला मुंग्या आणि झुरळं येतात, चिकटपट्टी मातीत कुजत नाही. माती भरली की तिच्या वजनानेच घड्या जागेवर राहतात. सोळा पानी अंकाचे आठ कागद, म्हणजे सोळा पॉट. हात बसला की दुपारचा चहा होईपर्यंत एवढं काम सहज उरकतं. आमच्याकडे शाळेतली पोरं हौसेने बसतात आणि त्यांच्या घड्या माझ्यापेक्षा घट्ट असतात.

मातीबद्दल एकच सांगते: नुसती काळी माती भरू नका. ती वाळताना आकसते, कागदापासून सुटते, आणि मग घातलेलं पाणी कडेने खाली निघून जातं. मी तांबडी माती, भिजवून फुलवलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत समभाग घेते. भरताना पॉट दोनदा ओट्यावर हलकेच आपटायचा, पण बोटाने दाबून ठासायचा नाही.

पाण्याचं गणित सांभाळलं नाही तर बाकी सगळं नीट करून उपयोग नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाचा लगदा दळून केलेला असतो, त्याचे तंतू आखूड असतात, ओला झाला की त्यात दम राहत नाही. वरून तांब्याने पाणी घातलं की पहिल्या आठवड्यातच पॉटची कड खाली बसते. म्हणून पाणी खालून द्यायचं. पॉट पसरट ट्रेमध्ये एकमेकांना टेकवून उभे करायचे, ट्रेमध्ये बोटाच्या एका पेरापेक्षा कमी पाणी ओतायचं, अर्ध्या तासात माती वरपर्यंत ओलसर झाली की उरलेलं ओतून टाकायचं. स्ट्रॉबेरीचे पारदर्शक खोके, मिठाईचे प्लास्टिकचे डबे, आडवा कापलेला तेलाचा पाच लिटरचा कॅन, यातलं काहीही ट्रे म्हणून चालतं. पाणी कधी द्यायचं हे कागदच सांगतो: भिजलेला कागद गडद करडा दिसतो आणि सुकायला लागला की वरून फिकट पडत जातो. फिकट पट्टा अर्ध्यापर्यंत उतरला की पाणी द्या. प्लास्टिकच्या पिशवीत हे कधी दिसत नाही, आणि मला या पॉटचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत कागदावर पांढरी बुरशी धरते, कधी हिरवट थर येतो. ते पाहून पुष्कळजण पॉट टाकून देतात. टाकू नका. ही कागद खाणारी बुरशी आहे, रोपाला तिचा त्रास नाही. खरी भीती रोपं कोलमडण्याची. खोड मातीच्या रेषेशी पाणचट होऊन बारीक होतं आणि काल उभं असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं दिसतं. ती बुरशी वेगळी, मातीतली, आणि ती येते ट्रेमध्ये पाणी साचून राहिल्याने. बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळलेला असेल, पाणी वेळेवर ओतून टाकलं असेल आणि रोपांना वारा लागत असेल तर पावसाळ्यातही हा त्रास फारसा होत नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. पॉटचं आयुष्य तीन आठवडे धरा. पावसात त्याहून कमी, हिवाळ्यात चार आठवड्यांपर्यंत. काकडी, दोडका, दुधी दोन आठवड्यांत दोन-तीन खऱ्या पानांवर (उगवताना निघणाऱ्या दोन दलांनंतरची पानं) येतात, म्हणजे ती या मुदतीत आरामात बसतात. कारल्याच्या बीचं कवच जाड असतं, ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून लावलं तरी उगवायला आठवडा घेतं, पण तेही तीन आठवड्यांत तयार होतं. मिरचीचं रोप लावणीला यायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर कागद मऊ पडतो, बूड सुटतं, आणि शेजारच्या पॉटमधली मुळं एकमेकांत शिरलेली असतात. म्हणून मिरचीला हे पॉट नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय कागदात कार्बन भरपूर आणि नत्र जवळपास नाहीच. तो कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र आजूबाजूच्या मातीतून ओढतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात खालची पानं पिवळसर दिसू लागतात. त्या सुमाराला पातळ केलेलं जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रवखत) किंवा गांडूळपाणी एकदा ट्रेमध्ये दिलं की रंग परत येतो.

प्रत्येक पॉटमध्ये दोन बिया लावते. दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप कात्रीने मातीलगत कापते, उपटत नाही. उपटताना शेजारणीची मुळंही हलतात, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी केला?

लावणीच्या दिवशी पॉट सकाळी भिजवून घ्यायचे. भिजलेला पॉट वरून कडेला धरून उचलू नका, बूड खाली राहील आणि नळकांडं हातात येईल. खाली कालथा सरकवून उचला. डोशाचा पातळ कालथा त्यासाठी फार बेस. खड्ड्यात ठेवताना एक गोष्ट न चुकता करायची: मातीच्या वर आलेली कागदाची कड फाडून टाकायची आणि उरलेली बोटभर मातीखाली गाडायची. ती कड उघडी राहिली तर दिव्याच्या वातीसारखी आतला ओलावा वर ओढत राहते आणि हवेत उडवते. भर उन्हात आजूबाजूची माती ओली आणि रोपाचा गड्डा मात्र कोरडा, असं होतं ते यामुळेच.

पेपर पॉट मातीत आपोआप विरघळतो, असं सगळीकडे सांगितलं जातं. त्याबद्दल दोन्ही ठिकाणी जे दिसलं ते सांगते. हंगाम संपल्यावर मी वेल काढताना मुळांचे गड्डे मुद्दाम उकलून बघते. चिपळूणच्या परसात पावसाळ्यात लावलेल्या दोडक्याखाली कागदाचा मागमूस नव्हता, बोटांत चुरगळणारे दोन-चार करडे तुकडे सापडले इतकंच. पुण्याच्या गच्चीवर ग्रो बॅगमध्ये उन्हाळ्यात लावलेल्या दुधीखाली मात्र पॉटची एक बाजू जवळजवळ शाबूत होती. अक्षरं वाचता येत होती. त्या बाजूला मूळ कागदाला आतून टेकून वळलेलं होतं, आणि ज्या बाजूला ठिबकची नळी होती तिकडे कागद नाहीसा होऊन मुळं लांबवर पसरली होती. कागद कुजतो तो ओलाव्याने आणि जिवाणूंनी. कोरड्या मातीत तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. तेव्हा उन्हाळ्यात लावताना बूड फाडा आणि बाजूंना ब्लेडने वरून खाली तीन चिरा द्या. पावसाळ्यात याची गरज नाही.

चिपळूणला वेगळीच गोष्ट, वाळवी. जांभ्या मातीत वाळवी असतेच, आणि कागद म्हणजे तिचं आवडतं खाणं. लावणीनंतर वन्संनी फोनवर सांगितलं, "अगं, कागद वाळवीने नेला, पण रोप ताठ उभं आहे." वाळवीने हिरव्या मुळांना हात लावला नव्हता. तरी प्रत्येक खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळायची असं तेव्हापासून आम्ही ठरवलं आहे. आंब्याच्या कोवळ्या कलमाजवळ किंवा नारळाच्या कोवळ्या रोपाजवळ मात्र कागदी पॉटची रोपं लावू नका. वाळवीला तिकडची वाट दाखवण्यात काय हशील?

शाईबद्दल बरेचजण विचारतात आणि ते योग्यच आहे. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे. गरम, तेलकट वड्याला शाई थेट लागते आणि ती पोटात जाते, म्हणून ती मनाई रास्त आहे. मातीतला प्रकार निराळा. काळ्या शाईतला रंग मुख्यतः कार्बनचा असतो. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत वर्तमानपत्राचा कागद आच्छादनाला आणि कंपोस्टला चालतो, पण गुळगुळीत कागद आणि रंगीत शाई वगळून. मी तोच दंडक घरी पाळते: मजकुराची काळी-पांढरी पानं पॉटला, पूर्ण पानाच्या रंगीत जाहिराती आणि गुळगुळीत पुरवण्या रद्दीवाल्याला. गुळगुळीत कागद तसाही पाणी शोषत नाही, त्यामुळे खालून पाणी देण्याची पद्धतच त्याला लागू पडत नाही.

काळ्या पिशवीशी तुलना करायची तर पिशवी मजबूत, महिनोन्‌महिने टिकते, वाहतुकीला सोपी. महाराष्ट्रात मार्च 2018मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हाही रोपवाटिकांसाठीच्या कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना सूट होती, आणि फळझाडांच्या कलमांना दुसरा सोपा पर्याय नाही हे मलाही मान्य आहे. पण दोन आठवड्यांच्या काकडीसाठी पिशवी फाडून मातीचा गड्डा विस्कटायचा आणि ते प्लास्टिक गच्चीभर उडत ठेवायचं, हे मला पटत नाही. शेतावर हजारो रोपं लागत असतील तर 98 कप्प्यांचा प्रोट्रेच (रोपं वाढवायचा प्लास्टिकचा ट्रे) बरा, तिथे कागद वळत बसायला कोणाला सवड? करवंटी दिसायला सुंदर, पण ती कुजायला वर्षं घेते आणि मुळं आत गोल फिरत राहतात. अंड्याच्या कवचात माती चमचाभर मावते, त्यात दुधीच्या एका बीचं भागणार नाही.

पॉट आधीच करून ठेवायचे असतील तर एकात एक घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उघड्यावर ठेवले तर पावसाळ्यात सर्द होतात आणि त्यांना कसर लागते. मृगाच्या पावसावर वेल लावायचे असतील तर मृग नक्षत्र 7-8 जूनला लागतं हे धरून मागे मोजा: कारल्याचं बी 15 ते 18 मेच्या दरम्यान, दोडका, दुधी आणि काकडी 24-25 मेला. त्या दिवसांत गच्चीवर ऊन फार कडक असतं, म्हणून उगवण होईपर्यंत ट्रे खिडकीच्या आत ठेवा, आणि पहिलं खरं पान दिसलं की सकाळच्या कोवळ्या उन्हात बाहेर न्यायला सुरुवात करा.