संत्राबागेत कीटकांवर खुणा: 0.7 मिमीचा पोस्का पेन कितपत कामाचा?

टणक पाठीच्या भुंगेऱ्यांसाठी उत्तम, पतंगांसाठी कामचलाऊ, सायला या रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी निरुपयोगी. नागपूर-काटोलकडच्या बागांत खुणा करायला पोस्का हा रंगाचा मार्कर पेन घेणाऱ्यांनी एवढं धरून चालावं. खुणा कशासाठी, तर काही किडे पकडून, खूण करून सोडायचे आणि नंतर पुन्हा पकडून बागेत एकूण किती आहेत याचा अंदाज काढायचा.

रंग पाण्यावर आधारित आहे, झायलीनवाल्या मार्करसारखा उग्र द्रावक यात नाही. मधमाशीपालक राणीच्या पाठीवर ठिपका द्यायला हाच पेन वापरतात, ते उगाच नाही. पण टोक थेट किड्यावर टेकवू नका. थेंब मोठा पडतो, पंखांच्या सांध्यात ओघळतो आणि किडा उडू शकत नाही. पेन हलवून रंग प्लास्टिकच्या झाकणावर काढा, टाचणीच्या डोक्याने वक्षाच्या मधोमध टेकवा, पूर्ण वाळल्यावरच सोडा. मे महिन्यात झाकणावरचा रंग बघता बघता घट्ट होतो. एका वेळी एकच थेंब काढा.

किडे शांत करायला बर्फाच्या डब्यात कुपी ठेवतात. पावसाळ्यात मात्र गार किडा बाहेर काढला की त्याच्यावर दव धरतं आणि ठिपका नंतर पापुद्र्यासारखा सुटतो. त्या दिवसांत जाळीतच धरून खूण करावी. मेणचट पाठ आधी स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसा.

आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची फळं) पिकू लागला की येणाऱ्या रस शोषणाऱ्या पतंगांचं वक्ष केसाळ असतं. खवल्यांबरोबर रंगही झडतो. ठिपका पुढच्या पंखावर द्यावा, तोही लहान, नाहीतर पक्ष्यांना आयतं निशाण. लिंबू फुलपाखराला पेंट नकोच, मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला बारीक पर्मनंट मार्कर पुरे. तीन-चार मिमीच्या सायलाला चिमूटभर फ्लुरोसंट भुकटी आणि 365 नॅनोमीटरचा टॉर्च लागतो. भुकटी एकाची दुसऱ्याला लागते, म्हणून पुन्हा पकडताना प्रत्येकाला वेगळी कुपी.

खूण झडली तर हिशेबच बिघडतो. समजा 200 खुणा केल्या, नंतर 150 पकडले, त्यात 10 खुणेचे: अंदाज 200 गुणिले 150 भागिले 10, म्हणजे 3000. निम्म्या खुणा गळाल्या तर तोच आकडा 6000 होतो, आणि फवारणी नसत्या भीतीने ठरते. बागेत सोडण्याआधी खुणेचे आणि बिनखुणेचे सारखेच किडे आठवडाभर पिंजऱ्यात ठेवून बघा. मरतुक आणि गळलेल्या खुणा दोन्ही मोजा.

पूर्ण सेट घेऊ नका. पांढरा आणि पिवळा सुटे मिळाले तर तेवढेच पुरतात. गडद रंग भुंगेऱ्यावर दिसतच नाहीत.