प्रोजेक्टरसाठी सिरीयल केबल: प्रॉलिफिक की एफटीडीआय?

राजारामपुरीत आमच्या वरच्या खोलीत प्रोजेक्टर आणि अँप्लिफायर दोन्ही कॉम्प्युटरवरून चालतात, आरएस-२३२ या जुन्या सिरीयल जोडणीने. आता बहुतेक कॉम्प्युटरला सिरीयल पोर्ट येत नाही, म्हणून यूएसबी-ते-सिरीयल केबल घ्यावी लागते. त्यात चिप बघायची: प्रॉलिफिकची पीएल२३०३ की एफटीडीआयची एफटी२३२.

पीएल२३०३ स्वस्त, पटकन मिळते. पण तिच्या जुन्या एचएक्सए चिपला कंपनीचा नवा ड्रायव्हर (केबल चालवणारं सॉफ्टवेअर) स्वीकारत नाही; विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड १०. केबल फेकू नका. जुना ड्रायव्हर हाताने निवडला की तीच केबल बऱ्याचदा चालू लागते. विंडोज अपडेटनंतर मात्र परत तपासावं लागतं.

एफटी२३२ महाग, पण विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर निवांत चालते. रोजच्या वापराला मी हीच घेईन, तीही खात्रीच्या दुकानातून. २०१४ साली कंपनीच्याच ड्रायव्हरने नकली एफटी२३२ चिपचा प्रॉडक्ट आयडी (कॉम्प्युटर चिप ओळखतो तो नंबर) शून्य करून टाकला होता. लोकांच्या चालत्या केबली बंद पडल्या.

ड्रायव्हर बदलण्याआधी एवढं कराच. केबलच्या ९ पिनांच्या टोकाला २ आणि ३ नंबरच्या पिना वायरच्या तुकड्याने जोडा, पुट्टी या टर्मिनल प्रोग्राममध्ये केबलचा सिरीयल पोर्ट उघडून काहीही टाइप करा. अक्षरं परत उमटली तर केबल आणि ड्रायव्हर ठीक आहेत.

शाहूपुरीत मित्राकडे आम्ही दोन तास ड्रायव्हरच बदलत बसलो होतो. त्याच्या प्रोजेक्टरला क्रॉस केबल (२ आणि ३ च्या तारा उलटसुलट जोडलेली) लागत होती, आम्ही सरळ लावली होती.