मुलांच्या वाचनासाठी फोन: मेसेज, कॉल, ग्रुप की ॲप?

गावातल्या लहान मुलांच्या वाचनासाठी फोन वापरायचं ठरलं की चर्चा लगेच ॲपवर जाते. माझं म्हणणं आहे, आधी घर बघा. फोन कुणाचा आहे, दिवसभर कुठे असतो, रेंज कुठे येते आणि घरात वाचता येणारं कोण आहे? पुष्कळ घरांत एकच फोन असतो. सकाळी तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात घराबाहेर जातो आणि संध्याकाळी परततो. मुलाच्या वाट्याला येतो तो त्यानंतरचा थोडा वेळ.

एसएमएस सगळ्यांत स्वस्त. बटणांच्या फोनवरही येतो, नेट लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१३-१४ साली चार वर्षांच्या मुलांच्या पालकांना आठवड्याला तीन मेसेज पाठवले गेले: एक माहितीचा, एक करून बघायच्या छोट्या कृतीचा, एक त्याच्या पुढच्या पायरीचा. मुलांच्या अक्षरओळखीत फरक पडला. पण ते शहर होतं, आणि मेसेजचा उपयोग वाचता येणाऱ्यालाच. ज्या घरात मुलाजवळ दिवसभर आजी असते आणि तिला वाचता येत नाही, तिथे तो न उघडताच पडून राहतो.

प्रत्यक्ष कॉलचं तसं नाही. बोट्स्वानात २०२० मध्ये शाळा बंद असताना काही घरांना फक्त एसएमएस गेले, काहींना एसएमएस आणि आठवड्याला साधारण वीस मिनिटांचा कॉल. विषय गणिताचा होता, तरी निष्कर्ष वाचनासाठीही विचारात घ्यावा असा आहे. कॉल आलेल्या घरांतली मुलं पुढे गेली. नुसत्या एसएमएसचा ठोस परिणाम दिसला नाही. नंतर भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा इथेही कॉलच सरस ठरले. मला याचं कारण साधं वाटतं. समोरचा माणूस मुलाचं उत्तर ऐकतो, ते अडलं की प्रश्न सोपा करतो, आणि शेजारी बसलेली आईही ते ऐकत असते. अडचण माणसांची आहे. दर आठवड्याला तेवढे कॉल करायला शिक्षक किंवा स्वयंसेवक हवेत, आणि तेही संध्याकाळी, फोन घरी आल्यावर.

माणसं कमी असतील तर रेकॉर्ड केलेला कॉल हा मधला मार्ग. आयव्हरी कोस्टमधल्या कोको पिकवणाऱ्या गावांत असा प्रयोग झाला: फोनवर आवाज ऐकायचा, बटण दाबून उत्तर द्यायचं. तिथे मोठी भावंडं आणि नातेवाईक मुलाच्या मदतीला आले. म्हणून असा कॉल एकट्या मुलासाठी बनवू नका. ‘ताईला विचार’, ‘आजीला सांग’ असं त्यात मुद्दाम घाला.

व्हॉट्सॲप ग्रुप बहुतेकांना सवयीचा असतो. त्यावर लांबलचक मजकूर आणि व्हिडिओंचा मारा नको. एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज पुरे: आज ‘क’ने सुरू होणाऱ्या घरातल्या तीन वस्तू शोधा. वाचता न येणाऱ्यांनाही तो पोचतो आणि डेटाही कमी खातो. स्मार्टफोन नसलेली घरं मात्र बाहेर राहतात. त्यांची यादी वेगळी करून त्यांना कॉल लावा.

आता ॲप. गूगलचं ‘रीड अलाँग’ मूल मोठ्याने वाचतं ते ऐकून चुकलेला शब्द दाखवतं. ते मराठीत आहे आणि गोष्टी एकदा फोनवर उतरवल्या (डाउनलोड केल्या) की नेटशिवाय चालतं. अक्षरं जुळवू लागलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला सरावासाठी हे खरोखर चांगलं. तीन-चार वर्षांच्या मुलाला ते माझ्या मते देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला एका तासाहून जास्त नसावा, आणि या वयात त्याला हवं असतं उत्तर देणारं, प्रश्न विचारणारं माणूस. या वयासाठी ‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरची मोफत मराठी गोष्ट उतरवून घ्या आणि फोन मोठ्या माणसाच्याच हातात ठेवा.

मला निवडायचं असतं तर पाच वर्षांखालच्यांसाठी आठवड्याला दोन व्हॉइस मेसेज आणि पंधरा दिवसांनी एक कॉल ठेवला असता. ॲप फक्त वाचू लागलेल्या मुलांना. एसएमएस आठवणीपुरता: ‘उद्या संध्याकाळी सातला फोन येईल’. पहिल्या महिन्यानंतर किती मेसेज पोचले ते मोजत बसू नका. घरी विचारा, गेल्या आठवड्यात मुलाला गोष्ट कुणी सांगितली आणि कोणती. कुणालाच आठवत नसेल तर मेसेज वाढवू नका, कॉल वाढवा.